तिन्हीसांजेला असलं बोलू नये

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली संध्याकाळ. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराच्या सोप्यात माझा भाचा पालथा पडून वाचत होता. वय चौदा. पुस्तक इंग्रजी, उशीएवढं जाड. त्यात हल्ली या वयाच्या मुलांच्या निम्म्या पुस्तकांत असतं तेच होतं: जन्मापासून अंगात कसलीशी शक्ती असलेलं एक पोर, त्या शक्तीला भिणारा गाव, ‘हे बाहेर कुणाला दिसू देऊ नकोस’ अशी घरच्यांची ताकीद, आणि शेवटी हाकलून दिल्यावर डोंगरापलीकडे भेटलेली तशीच आणखी पोरं. पान उलटता उलटता, मान वर न करता तो म्हणाला, ‘आत्या, मी यांच्यातलाच आहे.’

मी साहित्य शिकवते. असं एखादं वाक्य कानावर पडावं म्हणून आम्ही मास्तर लोक जन्मभर वर्गात घसा कोरडा करत असतो. मी खूश होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात देवापाशी निरांजन लावणारी माझी आई तिथूनच म्हणाली, ‘तिन्हीसांजेला असलं बोलू नये रे बाळा.’

भाच्याने ते वाक्य रूपक म्हणून उच्चारलं होतं. आईने ते बातमी म्हणून ऐकलं. त्या दोन ऐकण्यांमधलं अंतर तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

भाच्याला ऑटिझम आहे. तो नऊ वर्षांचा असताना आम्हाला हे नाव कळलं. त्याआधी दुसरी नावं होती आणि आमच्याकडे त्यांची वानवा नाही. घरात खुळं, गल्लीत येडं, शेजारच्या कन्नड अज्जीच्या तोंडी हुच्च. हे शब्द वापरणारी माणसं प्रेमळच होती, तेही सांगायला हवं. पण दोन भाषांतले तीन शब्द हाताशी असून त्यातल्या एकालाही हे सांगता येत नव्हतं, की मिक्सर लावला की हे पोर कानांवर हात दाबून पलंगाखाली का शिरतं आणि शेजारच्या मागासमोर मात्र तासभर शांत का उभं राहतं. वडगाव-शहापूरकडे ज्यांचं बालपण गेलं त्यांना पॉवरलूमची खटखट सांगायला नको. पाहुण्यांना ती रात्रभर झोपू देत नाही. याला ती अंगाई होती. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, सगळं एका मापात. मिक्सरसारखा तो आवाज अचानक अंगावर येत नाही. मागवाले मामा हसून विचारायचे, ‘काय बघूलास रे एवढं?’ तो उत्तर द्यायचा नाही. मग गल्लीत बोललं जायचं: पोराची नजर एका जागी लागून राहते, काहीतरी बाहेरचं असणार.

डॉक्टरी मराठीत यासाठी शब्द आहे, स्वमग्नता. मला तो कधीच पटला नाही. ऑटिझमच्या मुळाशी ग्रीकमधला ‘स्व’ आहे, हे खरं. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ साली तो शब्द स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला, आणि १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी छापल्या तेव्हा तो या मुलांना चिकटला. म्हणजे मुळातच तो दुसऱ्याच्या घरून उसना आणलेला, आणि मराठीत येताना आणखी बिघडला. स्वतःत मग्न असणं हे आपल्याकडे एक तर योग्याचं लक्षण, नाहीतर आपमतलब्याचं. माझा भाचा दोन्ही नाही. तो धोट्यात मग्न असतो, स्वतःत नव्हे.

असे सगळे शब्द अपुरे पडल्यावर माणूस गोष्टीकडे वळतो. इंग्रजी वाचणाऱ्या जगात, जादूमुळे वाळीत पडलेल्या पात्रांमध्ये न्यूरोडायव्हर्जन्ट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेली, माणसं स्वतःला पाहतात, हे आता नवं राहिलेलं नाही. न्यूरोडायव्हर्सिटी ही कल्पनाच तशी तरुण. १९९८ च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या ज्युडी सिंगर यांच्या प्रबंधातून आणि त्या काळच्या इंटरनेटवरच्या गटांतून ती पुढे आली. मेंदू एकाच साच्यातले नसतात आणि वेगळा साचा म्हणजे बिघाड नव्हे, असं तिचं सांगणं. ते तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगितलं तर चौदा वर्षांच्या मुलाला कंटाळा येतो. ज्या मुलीने हात लावला की पाण्याचा बर्फ होतो तिच्या गोष्टीतून सांगितलं, की त्याला ते आधीपासूनच माहीत होतं असं लक्षात येतं.

हे जुळतंही फार नेमकं. ‘शक्ती लपव’ या ताकिदीलाच तिकडे मास्किंग म्हणतात. आमच्या घरात तिला ‘चारचौघांत नीट वाग’ म्हणतात. समोरच्याच्या डोळ्यांत बघ, हात हलवू नकोस, एकच गोष्ट चारदा विचारू नकोस. दिवसभर हे सगळं सांभाळून भाचा शाळेतून येतो आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून अंधाऱ्या खोलीत जाऊन बसतो. गोष्टीतल्या नायकाला एक दिवस पत्र येतं, निरोप येतो, कुणीतरी दारात उभं राहून सांगतं की तू कोण आहेस. आमच्याकडे ते पत्र निदानाच्या कागदाच्या रूपाने आलं. वहिनी तो कागद हातात धरून रडत होती. भाचा नऊ वर्षांचा. त्याने एवढंच विचारलं, ‘म्हणजे असे अजून आहेत?’

म्हणून या वाचनाला नाकं मुरडणाऱ्या समीक्षकांशी माझं जमत नाही. मुलाने स्वतःसाठी शोधलेला आरसा त्याच्या हातातून काढून घेण्याचा अधिकार मला नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. तोच आरसा आपण मोठी माणसं उचलतो आणि आईबापांपुढे, शिक्षकांपुढे धरतो: ‘तुमचं मूल जादूचं आहे’, ‘अशी मुलं देवाघरची असतात’, ‘स्पेशल आहे हो तुमचा मुलगा’. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात हे बोलणं निरुपद्रवी नाही.

युरोपातही ते एके काळी निरुपद्रवी नव्हतं. तिकडच्या लोककथांत ‘बदललेलं मूल’ नावाचा प्रकार आहे. चांगलं हसतं-खेळतं बाळ एके दिवशी बोलेनासं होतं, बघेनासं होतं, सारखं किंचाळतं. मग लोक म्हणत, परीलोकातल्यांनी खरं बाळ पळवलं आणि त्याच्या जागी आपलं ठेवलं. अभ्यासकांनी या कथांकडे अपंग आणि ऑटिस्टिक मुलांच्या जुन्या नोंदी म्हणून पाहिलं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. या कथांमध्ये खरं मूल परत मिळवायचे उपायही असत: तापलेलं लोखंड, आग, रात्रभर उघड्यावर ठेवणं. १८९५ साली आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात एका नवऱ्याने आजारी बायको आपली नव्हेच, बदललेली आहे, असं मानून तिला जाळलं. या घटनेला सव्वाशे वर्षं होऊन गेली. आज तिकडची एखादी ऑटिस्टिक मुलगी कौतुकाने म्हणते की मी परीलोकातून बदलून आलेली आहे, तेव्हा तिच्या शेजारणीला ते खरं वाटत नाही. रूपकाला उभं राहायला एवढी सुरक्षित जमीन लागते.

आमच्याकडे ती नाही. भाचा चार वर्षांचा असताना आमच्याच नात्यातल्या मंडळींनी त्याला खानापूरकडच्या एका गावात ‘बघायला’ नेलं होतं. बघणाऱ्या माणसाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, गावोगावी तसे आहेत. अमावास्या होती. लिंबू, अंगारा, नारळ, मग धुपाटणं. पोराला धुराचा वास सहन होत नाही, अनोळखी हात अंगाला लागलेला चालत नाही, ढोलक्याचा आवाज तर नाहीच. तीनही एकदम झालं. ते किंचाळलं, ओरबाडायला लागलं, जमिनीवर डोकं आपटायला लागलं. त्याला आम्ही आज मेल्टडाउन म्हणतो. तिथे त्याला ‘बोलायला लागलं’ म्हणाले. जेवढं ते किंचाळे तेवढी धुरी वाढवत होते, कारण किंचाळणं हाच आत काहीतरी असल्याचा पुरावा होता. या चक्राला आतून दार नाही. ज्याने त्रास होतो त्यालाच उपचार म्हणायचं आणि त्रास झाला की रोग सिद्ध झाला म्हणायचं.

मी तिथे नव्हते. नंतर ऐकलं आणि आठवडाभर दादाशी बोलले नाही. पण आईशी मात्र भांडता आलं नाही. तिच्या लेखी तिने नातवाला दवाखान्यातच नेलं होतं, फक्त तो दवाखाना वेगळा होता.

यल्लम्माचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात, सौंदत्तीला. सीमेच्या दोन्ही बाजूंची हजारो घरं तिला कुलदैवत मानतात आणि माझंही त्यातलंच. त्यामुळे पुढचं लिहिताना मी दुसऱ्याच्या देवाबद्दल लिहीत नाही. केसांत गुंता होऊन जट झाली की देवीचं बोलावणं आलं, असं आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या मानलं गेलं. जट म्हणजे तेल-फणीचा प्रश्न. पण तिच्यात खूण वाचली गेली आणि किती मुली देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकाला त्यासाठी १९८२ चा देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा करावा लागला. शरीरातल्या एखाद्या साध्या वेगळेपणात अलौकिक अर्थ भरला की काय किंमत द्यावी लागते, हे आमच्या मुलखाला पुस्तकातून शिकायला नको. पुरुषाच्या साच्यात न बसणाऱ्या मुलाला इथे जोगता म्हणून, म्हणजे देवीला वाहिलेला म्हणून, जागा मिळाली, हे कौतुकाने सांगणारे बरेच भेटतात. जागा मिळाली हे खरंच आहे. दारात आला तर लोक हात जोडतात, जोगव्याला सूप भरून देतात. पण जागा परडीसकट मिळाली. परडी खाली ठेवून तोच माणूस पतपेढीत कारकुनाची नोकरी मागायला गेला तर हात जोडलेले राहत नाहीत.

कायद्याने हे थोडंफार ओळखलेलं आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं त्याच्या अनुसूचीत आहे. त्याच अनुसूचीत आणखी एक बाब आहे आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात असते: मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती आहे असं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं. मुलात भूत आहे म्हणणं आणि मुलात देव आहे म्हणणं, कायद्याने दोन्ही एका यादीत घातलं. मला ही त्या कायद्यातली सगळ्यात शहाणी ओळ वाटते. कर्नाटकाचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०२० च्या जानेवारीपासून लागू झाला. मधल्या सहा वर्षांत महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात ज्या धुरीसाठी हा खास कायदा होता, तिच्यासाठी सीमेच्या अलीकडे, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात तो नव्हता. सीमाप्रश्नाच्या इतक्या सभा ऐकल्या, पण सीमेचा हा अर्थ कुठल्या व्यासपीठावर ऐकल्याचं आठवत नाही. त्याच मधल्या वर्षांत, २०१५ मध्ये, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या आणखी दोघांवर, फेब्रुवारीत कोल्हापूरला गोविंद पानसरेंवर आणि ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड अभ्यासक कलबुर्गींवर, गोळ्या झाडल्या गेल्या. महामार्गावर बेळगाव या दोन गावांच्या मध्ये येतं.

कुणी म्हणेल, भुताची गोष्ट सोडा, आपल्या परंपरेने वेगळ्या माणसांना संत म्हणूनही स्वीकारलंच की. स्वीकारलं. महानुभावांचे गोविंदप्रभू कुणाच्याही घरात शिरत, मनाला येईल ते खात, स्वतःशीच बोलत. लोक वेडे म्हणत आणि रिद्धपूरच्या बाया त्यांनाच माय-बापही मानत. मला ते चरित्र फार प्रिय आहे. पण या परंपरेतली मला सतत बोचणारी गोष्ट दुसरी आहे, भागवतातली जडभरताची. जड म्हणजे मंद, मठ्ठ. भावांनी शेताच्या राखणीला बसवलेला हा माणूस राजा रहूगणाच्या पालखीला भोई कमी पडले म्हणून धरून आणला जातो. पायाखाली जीव चिरडू नयेत म्हणून तो बघून बघून पाऊल टाकतो, पालखी हिंदकळते, राजा टोचून बोलतो. तेव्हा जडभरत तोंड उघडतो आणि असं काही ज्ञान सांगतो की राजा पालखीतून उतरून पाय धरतो.

आणि नसतं उघडलं तोंड? किंवा उघडून ज्ञान सांगण्याऐवजी फक्त ‘मुंगी, मुंगी, मुंगी’ असं म्हणाला असता? तो मुंग्या वाचवत होता, हे तेव्हाही खरंच असतं. पण राजा उतरला नसता. राजाला माणूस दिसला नाही, ज्ञान दिसलं. जादुई बहिष्कृतांच्या आजच्या सगळ्या गोष्टींचा शेवट मला या पालखीपाशी येऊन अडकतो. गाव त्या पोराला परत घेतो, पण संकट आल्यावर, त्याच्या शक्तीने धरण वाचल्यावर किंवा राक्षस मेल्यावर. नसता धरणाला तडा गेला, तर ते पोर डोंगरापलीकडेच राहिलं असतं.

हे हवेतलं बोलणं नाही. भाच्याला ऑटिझम आहे असं कळलं की बेळगावातला कुठलाही सुशिक्षित माणूस दुसऱ्या वाक्याला विचारतो, ‘मग गणितात हुशार असेल ना?’ एक गृहस्थ तर त्याला त्यांच्या लग्नाच्या तारखेवरून वार विचारायला लागले. अशी असामान्य देणगी काही थोड्या ऑटिस्टिक लोकांत असते. आमच्या पोराला गणितात पंचेचाळीस मार्क पडतात. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, जणू आम्ही त्याला खोटा माल विकला.

आणि ज्याला पुस्तक वाचताच येत नाही त्याचं काय? थेरपीच्या ठिकाणी बाकावर आमच्या शेजारी एक मुलगा बसायचा. अकरा वर्षांचा, एक शब्द बोलत नाही, डायपर लागतो. त्याची आई बैलहोंगलकडून पहाटेच्या बसने यायची. भाचा आपल्या पुस्तकातल्या पोरांबद्दल मला सांगत असे आणि त्या बाई शांतपणे ऐकत, मराठी कळत नसूनही. मला त्या वेळी आपल्याच गप्पांची लाज वाटायची. जादूच्या शाळेत कुणी कुणाचं डायपर बदलत नाही. वेगळेपण म्हणजे शक्ती असं एकदा ठरवलं की ज्याच्या वेगळेपणात नुसती मदतीची गरज आहे, ते मूल त्या गोष्टीतूनही वाळीत पडतं. वाळीत टाकलेल्यांच्या गोष्टीतून वाळीत!

आणखी एक खोट, तीही साधी नाही. गोष्टीतल्या गावाला त्या पोराची भीती वाटते, ती बहुधा खरी असते. त्याच्या हाताने खरंच आग लागते. लेखक दया दाखवतो, पण भीती खोटी म्हणत नाही. माझ्या भाच्याच्या हाताने आजवर एक आरसा आणि दोन मोबाइल फुटले आहेत. यापेक्षा जास्त माझ्या दादाने त्याच्या वयात फोडलं होतं.

मग कोणतं रूपक घ्यावं? मला वाटतं सीमाभागाकडे स्वतःचं एक आहे आणि ते जादूपेक्षा जवळचं आहे. गणपत गल्लीत मी भाजी घेते तिथली बाई कन्नड बोलते. मी ‘एष्टु?’ म्हणते, ती ‘वीस रुपये’ म्हणते. मी ‘बेडा’ म्हणून पुढे निघाल्याचं नाटक करते, ती ‘बाई, घे गं’ म्हणून मराठीत हाक मारते. दोघींचं व्याकरण चुकतं. पण माझं कन्नड तुटकं म्हणून ती मला हुच्च म्हणत नाही, आणि तिचं मराठी तुटकं म्हणून मी तिला खुळी म्हणत नाही. दोघी अर्ध्या वाटेवर येतो आणि कोथिंबीर विकली जाते. २०१२ साली डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने हेच म्हटलं: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात, पण इतरांनाही त्याचं कळत नाही. न समजणं दोन्हीकडून असतं, दोष मात्र एकाच्याच नावावर मांडला जातो. लंडनमधल्या वाचकाला हे पटवायला लेख लिहावा लागला असेल. बेळगावकराला भाजीवालीचं नाव काढलं तरी पुरे.

हेही रूपक लंगडतंच. भाषा शिकता येते, आणि त्या अकरा वर्षांच्या मुलाला भाजीबाजाराच्या शहाणपणाने डायपर बदलून मिळणार नाही. पण निदान त्यात भूतही नाही आणि देवही नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक राग काढून घेते. भाचा पाच वर्षांचा असताना, ऑटिझम हे नाव अजून कुणी उच्चारलं नव्हतं तेव्हा, एका तज्ज्ञांनी सांगितलं, मूल उशिरा बोलतंय, घरात एकच भाषा ठेवा, पुढे शाळा इंग्रजीच असणार तेव्हा इंग्रजीच ठेवा. दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं असं पुढच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. पण तेव्हा आम्ही तो सल्ला वेदवाक्य मानला. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. दीड वर्ष ती नातवाशी बोलली नाही. म्हणजे ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ असं बोलली. जिच्या मांडीवर ओव्या ऐकत आम्ही झोपलो ती बाई नातवाला कुत्र्याला बोलवावं तसं बोलवत होती आणि तिला ते कळत होतं. शेवटी एके दिवशी पोराने माग बंद पडलेला बघून खणखणीत सांगितलं, ‘धोटा अडकला.’ मामांनी बघितलं तर खरंच अडकला होता. त्या संध्याकाळी आईने तज्ज्ञांना काहीतरी म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि घरात मराठी परत सुरू झाली.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची गोष्ट मात्र थोडक्यात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ केली, त्यात ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आल्या. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या अवस्थेचं, नाव त्या यादीत नाही, त्यामुळे भाच्याच्या वर्गातल्या एका चळवळ्या मुलाचे आईबाप अजून कागद शोधत हिंडतात. ऑटिझमचं मोजमाप ४० मुद्द्यांच्या एका भारतीय मापनश्रेणीने होतं. वहिनीला त्यातले प्रश्न कन्नडमध्ये विचारले गेले. ‘मूल स्वतःशीच हसतं का?’ याला तिने अर्धवट समजून ‘हो, फार हसरा आहे’ असं उत्तर दिलं. पुढे दादाने दुरुस्ती केली. ज्यांच्याबरोबर दुरुस्ती करणारं कुणी नसतं त्यांच्या फॉर्मवर तेच उत्तर राहत असणार.

आम्हा सीमावासीयांना वाळीत टाकलेपणाची भाषा फार आवडते. इकडचे आम्हाला तिकडचे म्हणतात, तिकडचे विसरतात, आमची नावं आणि गावांची नावं बदलली जातात. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळ्या फिती लावून मीही चालले आहे आणि ते दुःख खोटं नाही. पण महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांचा आकडा ज्यांना झोपेतून उठवलं तरी पाठ आहे, त्यांनी त्या ८६५ गावांत किती मुलं मिक्सर लावल्यावर पलंगाखाली शिरतात हे कधी विचारलेलं नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक पहाटेपर्यंत आमच्या दारावरून जाते. तिच्यातल्या डॉल्बीबद्दल मंडळाच्या पोरांशी बोलायला गेले तर एकाने मला विचारलं, ‘बाई, तुम्ही मराठीच ना?’

हे सगळं मी भाच्याला वाचून दाखवलं. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याला विचारून, असा आमचा करार आहे. त्याने पंचेचाळीस मार्कांवर हरकत घेतली, सत्तेचाळीस होते म्हणाला. मग म्हणाला, ‘तू म्हणतेस ते लोकांना सांग. पण मला माझी पोरं सोडायला सांगू नकोस. तुझ्या भाजीवालीच्या गोष्टीत माझ्या वयाचं कुणीच नाही.’ याला माझ्याकडे उत्तर नाही. पुस्तकातली पोरं त्याची आहेत. मला त्याच्या शाळेतल्या बाईंनी, मंडळाच्या पोरांनी, खानापूरकडच्या त्या धुपाटणंवाल्याने त्याला साध्या शब्दांत ओळखावं असं वाटतं. या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात असं मी लेखाच्या सुरुवातीला समजत होते. आता तेवढी खात्री नाही.

परवा शेजारच्या काकू उसनं सूप मागायला आल्या. भाचा सोप्यात पुस्तक घेऊन होता, त्यांच्याकडे न बघता हात हलवत होता. काकूंनी आवाज खाली आणून आईला विचारलं, ‘बाहेरचं काही बघितलंत की नाही अजून?’

आई खोबरं खवत होती. ती म्हणाली, ‘बाहेरचं काही नाही. मिक्सरचा आवाज सोसत नाही त्याला, एवढंच.’ आणि काकूंना सूप देऊन ती चटणी वाटायला पाट्यापाशी जाऊन बसली.